‘एकच हेल्पर पॅकेज, सगळ्या एपीआयला जोडा’ म्हणे

सध्या एक सल्ला जाम फिरतोय. बॅकएंडवाल्यानं (सर्व्हरचा कोड लिहिणाऱ्यानं) एक कॉमन पॅकेज बनवून ठेवायचं, त्यात एसिंक हॅन्डलर, रिस्पॉन्स रॅपर, रीट्राय, कॉन्फिग सगळं कोंबायचं, नवा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामच्या रिक्वेस्टना उत्तर देणारी सर्व्हिस) आला की नुसतं इन्स्टॉल करायचं, आणि एका ठिकाणी फिक्स केलं की म्हणे सगळीकडे फिक्स. ऐकायला भारी आहे, पण आत काय काय टाकायला सांगतात ते बघा ना जरा.

एसिंक हॅन्डलर (उत्तराची वाट बघायला लावणाऱ्या कामातली एरर पकडणारं आवरण) एक्सप्रेस ४ मध्ये लागायचा (एक्सप्रेस म्हणजे नोडचं, सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टचं, फ्रेमवर्क), कारण प्रॉमिस रिजेक्ट झालं, म्हणजे असं काम फसलं, तर फ्रेमवर्कला पत्ताच नसायचा. २०२४ मध्ये एक्सप्रेस ५ आलं, ते स्वतःच ती एरर पुढे एरर हॅन्डलरकडे ढकलतं. विषय संपला.

रिस्पॉन्स रॅपर म्हणजे सगळ्याला ‘सक्सेस, डेटा, मेसेज’ असं एकच आवरण. आवरण घाला हो, पण असले बरेच रॅपर एरर आली तरी स्टेटस २०० (म्हणजे ‘सगळं ठीक’) पाठवतात आणि आत सक्सेस फॉल्स. मॉनिटरिंग, लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटणारा) हे सहसा स्टेटस कोड बघतात, बॉडी उघडून कोण बघतंय? ग्राफ हिरवागार आणि युजर बोंबलतोय. एररचा साचाच हवा असेल तर आरएफसी ९४५७ (एररचं उत्तर कसं लिहायचं याचं इंटरनेट मानक) आयता पडलाय, २०२३ पासून, तो वापरा की.

आता रीट्राय, माझ्या मते सगळ्यात डेंजर. हेल्परला एक फंक्शन द्यायचं, तो तीनदा ट्राय करणार. पण आत काय आहे हे त्याला कुठे माहितीये? गेट, पुट, डिलीट (आणणं, ठेवणं, पुसणं अशा रिक्वेस्ट) परत मारले तर चालतं, पोस्टची (नवं काही बनवणाऱ्या रिक्वेस्टची) तशी गॅरंटी नाही. समजा ऑर्डर बनली, फक्त उत्तर वाटेत टाइमआउट झालं, हेल्परनं परत पाठवली, झाल्या दोन ऑर्डरी. इडेम्पोटन्सी की (रिपीट रिक्वेस्ट ओळखायला सोबत दिलेला वेगळा नंबर) असेल तर समोरचा ओळखेल, पण ती द्यायची कोणी, हेल्परनं का? वर गेटवे (रिक्वेस्ट आधी जिथे येते तो दरवाजा), सर्व्हिस आणि डेटाबेस क्लायंट तिघांनीही हाच हेल्पर लावला की ३ गुणिले ३ गुणिले ३, एका रिक्वेस्टचे २७ फटके, ते पण डेटाबेस आधीच आचके देत असताना.

कॉन्फिगचं म्हणणं मला अर्धं पटतं. नोडमध्ये एन्व्ह व्हेरिएबल (कोडबाहेरून दिलेली सेटिंग) कायम स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतात, त्यामुळे कॅश (तात्पुरती साठवण) बंद करायला ‘फॉल्स’ लिहिलंत तरी थेट इफमध्ये टाकलं की ती ट्रूच धरली जाते, कॅश चालू. रीट्राय बंद करायला ० टाकलंत आणि हेल्परनं नंबर करून पुढे ‘|| ३’ (म्हणजे ‘नसेल तर ३’, आणि शून्यही ‘नसेल’ मध्येच धरतात) लावलं असेल तर शून्याचे परत तीन! टोकनच्या (लॉगिनच्या पासाच्या) सीक्रेटला, म्हणजे तो सही करायच्या गुप्त किल्लीला, असा डिफॉल्ट दिला तर विचारूच नका, प्रॉडक्शनला व्हेरिएबल राहिलं तरी ॲप गपचूप सुरू होणार, आणि तो डिफॉल्ट ज्याला माहिती तो खुशाल खोटं टोकन बनवणार. सुरू होतानाच टाइप तपासून काही चुकलं तर तिथेच पडणारा कोड खुशाल शेअर करा, डिफॉल्ट मात्र ज्याचे त्याच्या सर्व्हिसमध्ये.

राहिलं ‘एका ठिकाणी फिक्स, सगळीकडे फिक्स’. अहो, प्रत्येक सर्व्हिसची लॉक फाइल (कोणत्या पॅकेजचं कोणतं व्हर्जन हे पक्कं करणारी) वेगळी असते, कोणीतरी व्हर्जन वाढवून, टेस्ट चालवून, डिप्लॉय करेपर्यंत जुना बग तिथेच बसलेला असतो, आणि ज्या सर्व्हिसला आता कोणी वालीच उरला नाही तिथे ते कोण करणार?