माझा ब्रह्ममुहूर्त

रिपोर्टवर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, असं डॉक्टरांनी सांगितलं. “डायबेटिस अजून घरात आलेला नाही, पण चपला काढतोय,” ते म्हणाले. मग पेन उघडून विचारलं, “सकाळी किती वाजता उठता?”

“सात.”

शेजारी बसलेल्या बायकोने घसा खाकरला.

“सव्वासात,” मी म्हणालो. ती पुन्हा खाकरली. शेवटी पावणेआठवर सौदा ठरला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकही गोळी लिहिली नाही, फक्त ‘पहाटे चालणे’ लिहिलं. गोळ्या परवडल्या असत्या.

घरी आल्यावर लेकीने सूत्रं हातात घेतली. तिने एक्सेलमध्ये तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. साडेपाचला उठणे, कोमट पाणी, दहा मिनिटं ध्यान, बारा सूर्यनमस्कार, तळजाईच्या टेकडीवर पाऊण तास चालणे, वहीत तीन कृतज्ञता. पहिली नव्वद मिनिटं चहा नाही. मोबाईल तर नाहीच नाही.

“बाबा, सकाळ इंटेन्शनल असली पाहिजे.”

“म्हणजे?”

“म्हणजे ठरवून.”

आजवर मी ठरवूनच उशिरा उठत होतो. चुकून पावणेआठला उठणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण हे बोललो नाही, कारण तक्त्यात ‘वाद घालणे’ असा रकाना नव्हता.

आई एकोणऐंशीची आहे. तक्ता वाचून ती एवढंच म्हणाली, “साडेपाच म्हणजे उजाडलंच की. उठायचं तर ब्रह्ममुहूर्तावर उठावं.” यातून सुटायची काही पळवाट मिळते का म्हणून मी ब्रह्ममुहूर्ताचा अभ्यास केला. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे एक तास छत्तीस मिनिटं आधी ब्रह्ममुहूर्त सुरू होतो आणि ४८ मिनिटांत संपतो. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे साडेपाचला उठलं तरी चालतं. मे महिन्याच्या शेवटी मात्र तो सहाच्या आतच हजर असतो, तेव्हा सव्वाचार-साडेचारला उठावं लागेल. थोडक्यात, ब्रह्मदेवसुद्धा हिवाळ्यात जरा उशिरा उठतो. मी १ जानेवारीचा मुहूर्त धरला. मे आपल्याला दिसणार नाही याची मला खात्री होती.

तसं आपल्याकडे सगळे वर्षातून एकदा ब्रह्ममुहूर्तावर उठतातच. नरकचतुर्दशीला. पण तिथे न उठणाऱ्याला थेट नरक असतो, आणि उठणाऱ्याला सहाच्या ठोक्याला चकली. शिवाय नऊ वाजता परत झोपायची सोय. एवढी चोख यंत्रणा असेल तर मीही रोज उठेन.

अलार्म हाताशी असला की माणूस तो बंद करून झोपतो, म्हणून फोन स्वयंपाकघरात ठेवायचा असा लेकीचा नियम होता. पहिल्या दिवशी साडेपाचला तो ओट्यावर वाजला. बायको उठली, लेक उठली, शेजारच्या फ्लॅटमधला कुत्राही उठला. मी नाही उठलो. आई कधीचीच उठलेली होती. तिला तो कसा बंद करायचा ते माहीत नव्हतं. तिने त्याच्यावर दुधाचं मोठं पातेलं पालथं घातलं आणि मला हलवायला आली. “अरे, तुझा फोन रडतोय.”

तिथून पुढे तीच पद्धत पडली. रात्री मी फोन ओट्यावर ठेवायचा, आईने झोपायला जाताना त्यावर पातेलं घालायचं, आणि सकाळी खोल विहिरीत पडल्यासारखा त्याचा आवाज यायचा. त्या आवाजाने मी कधीच उठलो नाही, पण घरात शांतता आली.

ध्यान हॉलमध्ये. सतरंजीची चौघडी करून बसायचं आणि फक्त श्वासाकडे लक्ष द्यायचं. श्वास मी पाहिला. आत जातो, बाहेर येतो. यात दहा मिनिटं पाहण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. मग कान उघडले. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. दाराच्या कडीला लावलेल्या पिशवीत दुधाच्या पिशव्या धप्पकन पडल्या. सोसायटीचा पंप घरघरला. आईचा गुडघा वाजला. विचार आले तर येऊ द्यावेत, ढगांसारखे जाऊ द्यावेत, असं लेकीने सांगितलं होतं. माझ्याकडे मेंटेनन्सच्या थकबाकीचा ढग आला आणि तिथेच थांबला. सातव्या मिनिटाला मात्र सगळं शांत झालं. मन निर्विचार, काळाचं भान नाही. डोळे उघडले तेव्हा समोर आई हात जोडून उभी आणि तिच्यामागे बायको हात कमरेवर ठेवून.

“समाधी लागली होती हो त्याची,” आई म्हणाली.

“अहो, घोरत होतात,” बायको म्हणाली.

सूर्यनमस्काराचं मला भय नव्हतं. शाळेत घातलेत. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी तर ते आपल्या शाळांमधून सक्तीचे केले होते. हे औंध साताऱ्याकडचं. पुण्यातल्या औंधात सध्या फक्त ट्रॅफिकला नमस्कार घालतात. मित्राय, रवये, सूर्याय, भानवे, खगाय इथपर्यंत नावं बिनचूक आली. पुढे पूष्णेला मी अडलो. नावाला नव्हे, शरीराला. छाती, हनुवटी, गुडघे, तळवे जमिनीला टेकले आणि तिथून पुढे कुठलाच अवयव काही करायला तयार होईना.

त्या अवस्थेत नजर सोफ्याखाली गेली. तिथे रिमोटचं मागचं झाकण होतं, ज्याच्यामुळे गेली दोन वर्षं आम्ही सेल सेलोटेपने बांधतोय. एक चिंचोका होता. माझ्या चष्म्याचं घर होतं, जे हरवल्याचं खापर मी कामवाल्या मावशींवर फोडलं होतं. आणि गणपतीतला एक मोदक होता, आता देव्हाऱ्यात ठेवता येईल इतका दगडाचा. हिरण्यगर्भायपर्यंत मी त्या दिवशी पोचलो नाही, पण गर्भात काय काय असतं ते पाहिलं.

तळजाईबद्दल फार तक्रार नाही. मोर ओरडतो, झाडी आहे, हवा खरीच चांगली आहे. पण तिथे माझ्या वयाची माणसं भराभर चालत गुडघ्यांविषयी बोलतात, आणि त्यांच्या मागे राहिलं तर सगळं ऐकावं लागतं, पुढे जावं तर दम लागतो. उतरल्यावर कारल्याच्या रसाची गाडी लागते. तिच्या पलीकडे पोह्यांची. माणसाचं खरं चारित्र्य त्या दोन गाड्यांमधल्या वीस पावलांत कळतं. माझं पाचव्या दिवशीच कळलं.

कृतज्ञतेची वही हा सगळ्यांत अवघड प्रकार निघाला. मी पेठेत वाढलेला माणूस. आमच्याकडे आनंदाची परमावधी ‘ठीक आहे’ या शब्दांत मावते. तरी रोज तीन ओळी लिहायच्या. पहिल्या दिवशी लिहिलं: उठलो. बसलो. आता झोपेन. लेक रागावली, जरा मनापासून लिही म्हणाली. मग लिहिलं: दूधवाल्याने आज पिशवी फोडली नाही. वरच्यांनी खुर्ची एकदाच ओढली. पेपरवाल्याने चक्क आपलाच पेपर टाकला. वाचून ती म्हणाली, “बाबा, या तक्रारीच आहेत.”

अकराव्या दिवशी मी हबकलो. लेक म्हणाली, एकवीस दिवस कळ काढ, सवय लागते. माझा पिंड मुळात खात्री करून घेणाऱ्याचा, त्यातून त्या दिवशी मला चालायला जायचं नव्हतं. शोधलं तर हे एकवीस दिवस एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनपासून आलेले. मॅक्सवेल माल्ट्झ त्याचं नाव. नवं नाक बसवलेल्या माणसाला आरशातला चेहरा आपला वाटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याने १९६० मध्ये लिहिलं. म्हणजे हिशोब नाकाचा आणि लावला माझ्या झोपेला! पुढे लंडनच्या विद्यापीठात लोकांच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ लागले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज.

“तू २५४ वाला,” लेक क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली.

१ जानेवारीपासून २५४ दिवस मोजले तर ११ सप्टेंबर येतो. म्हणजे साधारण गणपतीच. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, की एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसं बिघडत नाही. हे मला इतकं पटलं की मी लगेच एखादा दिवस चुकवला. मग आणखी एखादा. असे एखादे एखादे करत आठवडा गेला.

एका संध्याकाळी भाजी निवडत बसलेल्या आईला मी सहज विचारलं, “तुला किती दिवस लागले गं पहाटे उठायची सवय व्हायला?”

“एक,” ती म्हणाली. मेथीची काडी मोडली. “लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. वाड्यात चौकात एकच नळ. अकरा बिऱ्हाडं. साडेचारला पाणी यायचं नि साडेपाचला जायचं. सवय कसली लावतोस? झोपले असते तर तुझ्या आजोबांच्या आंघोळीला बंबात काय ओतलं असतं?”

वाडा सोडून आम्हाला तीस वर्षं झाली. इथे गच्चीवर टाकी आहे, नळ कधीही सोडा, पाणी येतं. तरी ती रोज सव्वाचारला उठते. नेमकं काय करते म्हणून मी एकदा पाणी प्यायला उठल्याचं निमित्त करून पाहिलं. ती अंधारात स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, धारेखाली हात धरून बघितला, बंद केला आणि पदराला हात पुसला. बस. तिच्या तक्त्यात एवढंच.

मग फेब्रुवारीत खाली सोसायटीच्या फळ्यावर, उभ्या पुण्याला पाठ असलेली ती सूचना लागली. गुरुवारी दिवसभर पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल. सूचना लागताच सगळ्यांनी बुधवारीच बादल्या, टब, फुलदाण्या भरून घेतल्या आणि गुरुवारी दुपारी टाकी खडखडीत झाली. रात्री आईने मला माळ्यावर चढवलं. मोडीत द्यायला तिने कधीही न दिलेला तांब्याचा हंडा आणि दोन कळशा खाली आल्या. बायकोने चिंच लावून घासल्या. झोपताना कुणीतरी बाथरूमचा नळ उघडाच ठेवला होता.

अंधारात तो नळ खोकला. नुसती हवा, सुस्कारा, मग पुन्हा खोकला. मी ताडकन उठून बसलो. घड्याळात चार चाळीस. सूचनेतला ‘उशिरा’ लवकरच आला होता. ध्यान नाही, कोमट पाणी नाही. बाथरूममध्ये गेलो तर आई आधीच हंडा लावून उभी. करंगळीएवढी धार. हंडा भरताना आधी घुमतो, मग आवाज चढत चढत जातो, आणि गळ्याशी आला की न बघता कळतं, हे मी विसरलो होतो.

“बघत काय उभा राहिलास? कळशी लाव. पिंप नंतर.”

कळशा झाल्या, पिंप झालं, बादल्या परत झाल्या. वीस खेपा तरी झाल्या असतील. धार बारीक व्हायला लागली तशी आई भरायला आणखी काय आहे ते शोधत ओट्याकडे गेली आणि पालथं पातेलं उचललं. खाली फोन बोंबलत होता. साडेपाच केव्हाच वाजून गेले होते.

“हे आधी गप्प कर,” ती म्हणाली, “आणि पातेलं नळाखाली धर.”