बोटानं जीभ जड होत नाही

गावच्या बायांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज या महिन्यात चौथ्यांदा आला. म्हणणं असं: बाळाला खाणाखुणा शिकवू नका, मूल आळशी होतं, उशिरा बोलतं; हे विदेशी फॅड आहे; आणि मूल बोलत नसेल तर पाच वर्षं बिनधास्त थांबा, काही मुलं उशिराच बोलतात.

आधी आळशीपणाचं. माझी नात दहा महिन्यांची असताना लाइन गेली की छताकडं बघून बोट गरगर फिरवायची. म्हणजे पंखा. मी "पंखा फिरते, गरगर" म्हणत बोट फिरवायची, तेच तिनं उचललं. चौदाव्या महिन्यात "पंका" आलं आणि आठवडाभरात बोट आपोआप थांबलं. आता तिची टकळी थांबत नाही.

एका नातीवरून सांगत नाही. कॅलिफोर्नियातल्या लिंडा ॲक्रेडोलो आणि सुसान गुडविन यांचा २००० साली छापलेला अभ्यास आहे. खुणा शिकवलेली मुलं बोलण्यात मागे पडली नाहीत. खुणांचे कोर्स विकणाऱ्यांनीही फार हुरळू नये. इंग्लंडमधल्या एलिझाबेथ कर्क यांच्या २०१३च्या अभ्यासात खुणांमुळं भाषा लवकर आल्याचंही दिसलं नाही. आयांचं बाळाच्या हालचालींकडं लक्ष मात्र वाढलं. फक्त खूण करताना तोंडानं शब्द म्हणायचाच.

विदेशी म्हणाल, तर बाळाच्या तळहातावर मोर बसवून शेवटी भुर्र करणाऱ्या आपल्या आज्या कुठल्या विदेशातून आल्या होत्या?

पण पाच वर्षं थांबायचा सल्ला वाचून मात्र माझा जीव जळतो. आमच्या आळीतल्या एका पोराच्या घरच्यांनी त्याच्यामागं थाळी वाजवून पाहिली. ते वळलं, म्हणून सगळे निश्चिंत. थाळी डोळ्याच्या कोपऱ्यात चमकते, जमिनीला हादरा बसतो. बहिरं लेकरूही त्यानं वळू शकतं. "मले वाटे, पोट्टं लाजते बाप्पा," त्याची माय सांगते. कानाची तपासणी झाली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तोवर मायलेकांत सात-आठ खुणा, एवढीच काय ती भाषा.

खरं तर बाळ जन्मल्यापासून महिन्याच्या आत कानाची पहिली तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असा दंडक आहे. बाळाला काही सांगावं लागत नाही. झोपेत कानात छोटी नळी ठेवून यंत्र बघतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना कानाचं स्पष्ट विचारा. ते जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात.

बहिऱ्या मुलाला खुणा दिल्या तर ते कधीच बोलणार नाही, अशी भीती त्या माउलीलाही घातली होती कुणीतरी. अहो, कान बंद असले तरी डोळे उघडे आहेत ना! बहिऱ्या आईबापांची बहिरी बाळं हातानं बोबडं बोलतात, हे मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी १९९१ सालीच दाखवलं. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठी हातांनी करणं नव्हे. तिचं व्याकरण वेगळं, 'काय', 'कुठे' हे प्रश्न वाक्याच्या शेवटी येतात. दिल्लीच्या सरकारी केंद्रानं २०२१पर्यंत तिच्या कोशात १०,००० शब्द आणले. व्हिडिओ मोबाइलवर फुकट दिसतात.

ती माय आता संध्याकाळी भाकरी आटोपून मोबाइलसमोर बसते. तिची खूण चुकली की पोरगा तिचा अंगठा धरून सरळ करतो. आणि तो आमच्या अंगणात आला असताना लाइन गेली, की माझ्या नातीचं थांबलेलं बोट पुन्हा गरगर फिरायला लागतं.