८५ टक्क्यांच्या खालची लेकरं कुणाची?

सलाम मंडळी. आज उपासनेनंतर जे बघितलं ते दुपारपासून डोक्यातून जात नाहीये, जेवणसुद्धा गोड लागलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबलं तर लांबलं, वाचून घ्या.

दहावी-बारावीचे निकाल लागले, दरवर्षीसारखा आपल्या चर्चमध्ये गुणवंतांचा सत्कार. शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला आणि माइकवरून सूचना आली की ८५ टक्क्यांच्या पुढची मुलं आईवडिलांसोबत वर या. नाव, मग टक्के, मग टाळ्या, शाल, गुलाबाचं फूल, फोटो. ९६ वाल्याला टाळ्या जास्त, ८६ वालीला कमी, हेही मी कान देऊन ऐकलं. आणि एक पोरगं, जे दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालतं, ढोलकी वाजवतं, आणि पाय अधू झालेल्या एका म्हाताऱ्या बाईंना रिक्षातून उतरवून हाताला धरून बाकापर्यंत आणतं, ते हळूच मागच्या दाराने बाहेर निघून गेलं. त्याला ५२ टक्के पडलेत. बाहेर जा असं त्याला कुणीच म्हणालं नाही हो, पण त्याला कळलं.

आणि आजचं वाचन काय होतं? बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय! वरून येणारं ज्ञान आधी शुद्ध असतं, मग शांतिप्रिय, सौम्य, दयेने भरलेलं, पक्षपात नसलेलं. पाळकसाहेब चांगलं बोलले, खरंच चांगलं, मी वहीत लिहून घेतलं, पक्षपात या शब्दाखाली रेघ मारली. त्यानंतर अर्धा तास झाला नाही तोच हे. त्याच पत्राचा दुसरा अध्याय उघडा, तिथे सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो तर त्याला बसा साहेब, आणि मळक्या कपड्यातला गरीब येतो तर तू उभा राहा तिकडे. याकोबाने सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना झापलंय यावरून. आम्ही अंगठीच्या जागी मार्कशीट आणली आणि आम्हाला वाटतं तो अध्याय दुसऱ्या कुणासाठी लिहिलाय.

माझं का इतकं पेटलं ते सांगते. १९८९ साली मी दहावीला गणितात नापास झाले. माझी आजी मिशनच्या दवाखान्यात वॉर्डात आया होती. शाळेचं तोंड तिने बघितलं नव्हतं, चाळिशीनंतर बायबल वाचता यावं म्हणून अक्षरं शिकली, ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द लावायची. निकाल कळला त्या दिवशी मी माळ्याच्या शिडीखाली जाऊन बसले होते. आजी ड्युटीवरून आली, मला बघितलं, काही बोलली नाही, पिशवी हातात दिली आणि म्हणाली चल बाजारात. वांगी घेतली, मेथी घेतली, भाजीवालीने सवयीने वर थोडी कोथिंबीर टाकली. येताना एका ओट्यावर आजी टेकली आणि पदराच्या गाठीतून दोन नाणी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत येशू चिमण्यांच्या बाजारभावाचं बोलतो, तेच काढून म्हणाली, "मत्तयात एका पैशाला दोन चिमण्या. मग दोन पैशाला किती?" मी म्हटलं चार. "आन् लूकमधी दोन पैशाला किती दिल्या?" मी म्हटलं पाच. तर म्हणे, "मंग पाचवीचे पैशे कुणी दिले?"

मला उत्तरच येईना. तेव्हा तिने पिशवीतली कोथिंबीर वर काढली. "ही आशी. चार इकत, पाचवी वर टाकलेली, फुकट. बाजारात तिला काय बी किंमत न्हाई. आन् देव म्हनतो मला ती बी याद हाय. पोरी, तू ती पाचवी हाय. आता उठ, भाजी निवडायचीय."

बस, एवढंच. अभ्यास कर, ऑक्टोबरला सुटशील, काही म्हणाली नाही.

आता कुणीतरी खाली लिहील की बघा, पुढे तुम्ही पास झालात, नर्सिंग केलंत, प्रभूने उचललं. अहो नाही!! तो मुद्दाच नाही. आजीने मला पाचवी चिमणी म्हटलं तेव्हा मी नापास होते, आणि पुढे पास होईन की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. मी आयुष्यभर नापास राहिले असते तरी ते वाक्य तसंच राहिलं असतं. आपला प्रभू येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीतून वर आला तेव्हा आकाशातून वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. कधी झाली ती वाणी? तोवर एक आजारी बरा केला नव्हता, डोंगरावरचं प्रवचन झालं नव्हतं, एक शिष्यसुद्धा मागे आला नव्हता. आधी बाप म्हणाला तू माझा, कामं सगळी नंतर. आणि आम्ही आपल्या पोरांना उलट शिकवतो, आधी मार्क आण मग तू आमचा.

हो, शिक्षणाचं महत्त्व मला कुणी सांगू नका, ते मान्यच आहे. नगरसारख्या गावात राहून ते नाकारणार कसं. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ पासून, सिंथिया फरार बाईंनी इथे मुलींना शिकवलं, सावित्रीबाई फुले शिकवण्याचं शिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आल्या होत्या. माझे पणजोबा महारवाड्यातले, ज्या शाळेच्या ओट्यावर त्यांच्या बापाला चढू दिलं नसतं तिथे त्यांचा मुलगा मास्तर झाला तो मिशनमुळे. सत्कार करा, मुलांनी मेहनत घेतलीय, त्यांचं कौतुक झालंच पाहिजे. ठीक आहे.

पण पणजोबांना आधी काय मिळालं होतं ते विसरू नका ना. पाटी-पेन्सिल नंतर आली. आधी कुणीतरी त्यांना बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचून दाखवला की देवाने माणसाला आपल्या प्रतिमेचं केलं. ज्याची सावली नको म्हणत होते, ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्याला सांगितलं की तू देवाच्या प्रतिमेचा. आजी सांगायची की ते ऐकून म्हातारा दोन दिवस कुणाशी बोललाच नव्हता. आपली सगळी ख्रिस्ती वस्ती त्या एका वाक्यावर उभी आहे आणि तीन-चार पिढ्यांत आम्ही त्याच वस्तीत नवीन वरचे-खालचे तयार केले. (लग्न जुळवताना अजूनही हळूच पूर्वीची जात विचारतात, ते तर वेगळंच, त्यावर कधीतरी लिहीन, आज नको, आज आधीच बीपी वाढलंय.)

आणि ज्ञान ज्ञान म्हणतो ते काय असतं? बायबलमधली नीतिसूत्रं तर स्वच्छ सांगतात, परमेश्वराचं भय तिथून सुरुवात. ईयोबाच्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात माणूस डोंगर पोखरतो, खाणीत दोरीला लोंबकळतो, सोनं काढतो, चांदी काढतो, आणि ज्ञान कुठे सापडतं ते त्याला ठाऊक नाही. शलमोन राजाला देवाने माग काय हवं ते म्हटल्यावर त्याने ऐकणारं मन मागितलं, किती सुंदर मागणं! आणि तोच शलमोन म्हातारपणी ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी करून दुसऱ्या देवांच्या मागे गेला. म्हणजे एकदा मिळालं, फ्रेम करून भिंतीवर लावलं, असं ते नाहीच, रोज मागावं लागतं. प्रेषित पौलाचा तर बायोडेटाच आहे फिलिप्पैकरांच्या पत्रात, बन्यामीन वंशाचा, इब्र्यांचा इब्री, परुशी, नियमशास्त्रात निर्दोष, आणि पुढे म्हणतो ख्रिस्तापुढे हे सगळं मी केरकचरा समजतो. आम्ही तो केरकचरा लॅमिनेट करून ठेवतो.

पंडिता रमाबाईंचं बघा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं, विशीची पोर होती ती. एवढी संस्कृत जाणणारी बाई पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला राहिली ती कुणासोबत? दुष्काळात टाकून दिलेल्या पोरी, विधवा, आंधळ्या बायका, यांच्यासोबत. आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं तेव्हा कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी साधी मराठी वापरायची धडपड केली. सगळी विद्वत्ता खाली बसून वापरली त्यांनी. मला देवाचं ज्ञान म्हटलं की ते आठवतं, आणि आजीचं ओळीखाली सरकणारं बोट आठवतं.

साक्षींचं (प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये उभं राहून सांगतात ना, त्याचं) पण बोलूनच टाकते, आता बसलेच आहे तर. गेल्या काही महिन्यांत किती साक्षी ऐकल्या, प्रभूने फ्लॅट दिला, प्रभूने कॅनडाचा व्हिसा दिला, प्रभूने पॅकेज दिलं. उपकार मानण्यात चूक नाही, माना. पण ज्याचा व्हिसा नाकारला तो मागच्या बाकावर बसून काय समजतो? की प्रभू माझ्यावर नाराज आहे? आमच्या वॉर्डात मी मरताना बघितलेत लोक, पॅकेजवाले आणि बिनपॅकेजवाले, शेवटच्या रात्री कुणी पगाराचं बोलत नाही, हात धरा म्हणतात, फक्त हात धरा. ती साक्ष द्यायला कुणी उभं का राहत नाही की माझं काहीच झालं नाही आणि तरी त्याने मला सोडलं नाही?

असो. खूप ओरडले मी. आता माझं सांगते, ते जास्त दुखतंय.

मी त्या पोराच्या मागे बाहेर गेले. गाड्या लावतो तिथे लिंबाखाली उभा होता. आणि मी, जिला आजीने भर बाजारात पाचवी चिमणी शिकवली, मी त्याला पहिला प्रश्न काय विचारला? "किती पडले रे?" तोंडातून निघून गेलं. त्याने मान खाली घालून सांगितलं ५२. आणि मी म्हणाले, "असू दे, पुढच्या वेळी." पुढच्या वेळी म्हणजे काय? पास झालाय तो! माझ्या आजीने एक आकडा विचारला नव्हता मला. एक वाक्य सल्ल्याचं बोलली नव्हती. आणि मी तिची नात, ३० वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते, मी तेच केलं जे माइकवाल्याने केलं. त्याच्यावर मघापासून चिडलेय पण त्याचं आणि माझं तोंड एकच निघालं. प्रभू, क्षमा कर.

कमिटीतले जे कोण वाचत असतील त्यांच्यावर राग नाहीये खरं तर, तुम्ही प्रेमानेच करता, शालीचे पैसे पण खिशातून घालता हे मला माहीत आहे. फक्त पुढच्या वर्षी सगळ्या मुलांना वर बोलवा ना. टक्के वाचू नका. नाव घ्या, डोक्यावर हात ठेवा, प्रार्थना करा. नापास झालेल्यालाही बोलवा, त्याला आधी बोलवा. शाली कमी पडल्या तर मी आणेन.

त्या पोराने मला काय सांगितलं माहितेय का? मार्कांबद्दल एक शब्द नाही. म्हणाला, "मावशी, ढोलकीची शाई उडालीय, पुढच्या रविवारी आवाज नीट येणार नाही, गाणाऱ्यांचा ताल जाईल." (शाई म्हणजे ढोलकीच्या कातड्यावरचा काळा लेप.) सगळे त्याला सोडून फोटो काढत होते आणि त्याला काळजी आमच्या तालाची.

तर नगरात किंवा जवळपास ढोलकीची शाई चांगली भरून देणारं कुणी माहीत असेल तर खाली लिहा प्लीज, शनिवारच्या आत पाहिजे. उद्या ड्युटी सुटली की मी त्याला घेऊनच जाणार आहे.