"चोराला न्यायचीच असेल तर तो नेणारच" हे अर्धंच खरं आहे

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, सोसायटीच्या, मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या आणि माहेरच्या. वर लिहिलंय "सायकल चोरीपासून कशी वाचवाल" आणि खाली मुद्दे. सगळ्याचं सार असं की कुठलंही कुलूप दोन मिनिटांत तुटतं, चोराला न्यायचीच असेल तर तो नेणारच, म्हणून महागड्या लॉकवर पैसे घालवू नका, दीडदोनशेचं नंबर लॉक पुरे. सायकल कॅमेऱ्याखाली आणि वॉचमनच्या नजरेसमोर ठेवा, सीटखाली एअरटॅग (वस्तू कुठे आहे ते आयफोनवर दाखवणारा ॲपलचा छोटा टॅग) लपवा, जुन्या सायकलची तर काळजीच करू नका आणि गेलीच तर पोलिसांत जाऊन वेळ घालवू नका.

लोक "छान माहिती" म्हणून अंगठे देतायत आणि मला ते बघवत नाहीये, कारण नंबर लॉक, कॅमेरा, वॉचमन, एअरटॅग सोडला तर सायकल सांभाळायचं यातलं सगळं आम्ही केलं होतं आणि तरी एप्रिलमध्ये आमच्या लेकीची सायकल सोसायटीच्या पार्किंगमधून गेली. आठवीत आहे ती, गिअरची सायकल, साडेअकरा हजारांची, आजोबांनी घेऊन दिलेली. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला, कुठलंही लॉक तुटतं. हो, तुटतं. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर घेऊन कुणी आला तर चांगलं यू-लॉकसुद्धा, म्हणजे यू आकाराच्या जाड लोखंडी दांड्याचं कुलूप, कापलं जातं, यात वाद नाही. पण ग्राइंडर लावला की ठिणग्या उडतात, अख्खी बिल्डिंग गॅलरीत येईल एवढा आवाज होतो. आपल्याकडे पार्किंगमधून सायकल नेणारा बहुतेक वेळा असं काही घेऊन येतच नाही, खिशात पक्कड असते, नाहीतर तीही नसते. तो बघतो की पटकन कुठली निघतेय. दहा सायकलींमध्ये आपली निघायला पाच मिनिटं लागणार असतील आणि शेजारची दहा सेकंदांत निघत असेल तर तो काय करेल हे वेगळं सांगायला नको. लॉक घ्यायचं ते या पाच मिनिटांसाठी, कधीच न तुटणारं लॉक मिळतं म्हणून नाही.

आता ते दीडशेचं नंबर लॉक. आमचं तसलंच होतं, बोटाएवढं जाड दिसायचं म्हणून मला भक्कम वाटायचं. सायकल गेल्यानंतर त्याच्याच जोडीचं दुसरं लॉक, दोन एकदम घेतली होती, ते मी स्वतः कापून बघितलं. वरचं काळं प्लॅस्टिक सोललं तर आत केसासारख्या बारीक तारांचा पीळ, पेन्सिलीपेक्षाही बारीक, घरातल्या पकडीने पाच-सहा दाबांत तुटला. आणि तोडायची तरी काय गरज, तीन आकडे असतील तर ०००पासून ९९९पर्यंत हजारच नंबर होतात, त्यात आपण घाईत लावताना फक्त शेवटची चकती एक-दोन घरं फिरवतो, म्हणजे चोराला दहाच नंबर बघायचे. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे घरात पडून असलेलं एक वेगळं, चार आकडी लॉक घेऊन गेले, नंबर सांगितला नाही, त्यांनी ते नुसतं ताणून धरलं आणि एकेक चकती चाचपत माझ्यासमोर उघडून दिलं. चहा येईपर्यंत उघडलं होतं.

महाग म्हणजे आपोआप चांगलं असंही माझं म्हणणं नाही. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीची नावाजलेली यू-लॉक साध्या बिक पेनच्या प्लॅस्टिक नळीने उघडतायत हे इंटरनेटवर सगळ्यांनी पाहिलं, गोल नळीच्या किल्लीची होती ती, कंपनीला लॉक बदलून द्यावी लागली. तेव्हा गोल नळीची किल्ली नको, चपटी किल्ली बघा, दांडा हार्डन केलेल्या स्टीलचा बघा, आणि यू फार मोठा घेऊ नका, आत जेवढी मोकळी जागा तेवढं पहार घालून फाकवायला सोपं. हजार-बाराशेपासून बरं लॉक मिळतं. बारा हजारांच्या सायकलला बाराशेचं लॉक म्हणजे दहा टक्के, ते आपल्याला जड वाटतं आणि सायकल विकत घेताना मात्र आपण शॉकरवाली हवी म्हणून दोन हजार जास्त देतो.

पण त्या मेसेजमध्ये सगळ्यात मोठी चूक जी आहे ती लिहिलेल्या मुद्द्यात नाहीच, न लिहिलेल्या मुद्द्यात आहे. सायकल कशाला बांधायची हे त्यात कुठेच नाही. आपण नव्वद टक्के लोक काय करतो तर केबल मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घालतो, कट्ट करून लावतो आणि वर जातो. म्हणजे सायकल सायकललाच बांधली. ती चालवता येणार नाही एवढंच, उचलता तर येतेच. आमची अशीच गेली. फुटेजमध्ये दिसतंय, पाठीला सॅक लावलेला एक मुलगा, सतरा-अठराचा असेल, सरळ आत येतो, सीटला धरून मागचं चाक वर उचलतो आणि पुढच्या चाकावर ढकलत सायकल घेऊन जातो, जशी पंक्चर झालेली सायकल नेतात तशी. अकरा सेकंद. कुलूप त्याने तोडलंसुद्धा नाही, ते लावलेलंच गेलं.

जुन्या काळ्या सायकलींना मागच्या चाकावर गोल लॉक यायचं त्याचंही तेच, चाक फिरत नाही, पण सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. तरी त्या सायकली जड होत्या, आताच्या पोराबाळांच्या सायकली एका हाताने उचलता येतात.

मग बांधायची कशी, तर यू-लॉक मागचं चाक, फ्रेम आणि जमिनीत पक्का रोवलेला पाइप या तिघांमधून एकदम गेलं पाहिजे. झाडाच्या आळ्याच्या जाळीला नको, ती हलवली की निघते, वरून उघड्या छोट्या खांबालाही नको, सायकल लॉकसकट वरून काढून घेतात. लॉक जमिनीला टेकू देऊ नका, फरशीवर टेकलेल्या लॉकवर हातोडा नीट बसतो. आणि पुढच्या चाकाला क्विक रिलीज असेल, म्हणजे ती हाताने फिरवायची दांडी, तर तेवढ्यापुरती ती केबल वापरा, फ्रेम आणि पुढचं चाक अडकवायला. ही दांडी इटलीच्या तुल्लिओ कॅम्पान्योलोने १९३०च्या सुमारास रेसमध्ये चाक झटकन बदलता यावं म्हणून काढली, आणि रस्त्यावर लावलेल्या सायकलचं चाकही तेवढंच झटकन निघतं. आमच्या इथे मॉलबाहेर जे स्टँड आहेत ते फक्त पुढचं चाक धरतात, तिथे पुढचंच चाक बांधून आत गेलात तर बाहेर आल्यावर ते चाक तेवढं जागेवर असेल याचीच खात्री.

कॅमेरा आणि वॉचमनचा मुद्दा. कॅमेरा होता, सांगितलंच वर. तो दाखवतो, अडवत नाही. त्या मुलाच्या तोंडाला रुमाल होता, संध्याकाळचे सात वाजलेले, चेहऱ्याच्या जागी राखाडी ठिपके. आम्हाला सायकल गेल्याचं लगेच कळलं म्हणून फुटेज मिळालं तरी, बहुतेक सोसायट्यांच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात, जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, परीक्षा संपल्यावर पोरं सायकल काढतात तेव्हा फुटेज उरलेलंच नसतं. वॉचमन काका त्या वेळी पाण्याच्या टँकरला वाट करून देत होते, मोठं गेट उघडं होतं, आणि तो मुलगा टँकरच्या बाजूने निघून गेला. काकांचा दोष नाही, शंभर फ्लॅटच्या पोरांचे चेहरे कुणाला पाठ असतात, आणि लेकीने नंतर रडत रडत त्यांनाच विचारलं की तुम्ही का नाही थांबवलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

एअरटॅग. टाका, जरूर टाका, पण लॉकऐवजी नको. त्यात जीपीएस नसतं, आसपासच्या आयफोनवरून ठिकाण कळतं, त्यामुळे शहरात बरा चालतो आणि गावाकडे जिथे आयफोन कमी तिथे तासन्‌तास काही कळत नाही. दुसरं म्हणजे अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय हे चोराच्याच फोनवर येतं, आधी फक्त आयफोनवर यायचं, २०२३पासून अँड्रॉइडवरही येतं, कारण कुणाच्या पर्समध्ये टॅग टाकून पाठलाग होऊ नये म्हणून ती सोय केलीय आणि ती योग्यच आहे. आणि समजा ठिकाण कळलं, तरी कळते ती गल्ली, घर नाही. एकट्याने तिथे जाऊन दारं वाजवू नका, स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडे जा.

जुनी सायकल कुणी नेत नाही हे साफ खोटं. जुनी सायकल विकायला सोपी, बिल कुणी विचारत नाही, नाहीतर भंगारात किलोवर जाते. आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलाची दहा वर्षांची सायकल क्लासच्या बाहेरून गेली, त्याचं अर्धं वर्ष चालत गेलं. आपल्याला जुनी वाटते ती कुणाची तरी रोजची गाडी असते.

आणि शेवटचा, पोलिसांत जाऊन उपयोग नाही. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पोलिसांनी एखाद्याकडून एकदम पंधरा-वीस सायकली पकडल्या अशा बातम्या येत असतात, पण सायकलला आरटीओची नंबर प्लेट नसते, पूर्वी नगरपालिकेचा बिल्ला असायचा तोही गेला, त्यामुळे पकडलेली सायकल कुणाची हे सांगणारी एकच गोष्ट उरते, फ्रेम नंबर. आणि तो आपल्याकडे नसतो. आमच्याकडेही नव्हता. बिलावर लिहिलं होतं "सायकल १ नग", रंगसुद्धा नाही. चौकीत साहेबांनी नंबर विचारला तेव्हा मी आणि माझा नवरा एकमेकांकडे बघत बसलो.

सायकल उलटी करा, दोन्ही पॅडल जोडणारा दांडा फ्रेमच्या ज्या नळीतून जातो तिच्या खालच्या बाजूला नंबर ठोकलेला असतो. चिखल बसलेला असतो, रॉकेलच्या फडक्याने पुसा, मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका मारा म्हणजे आकडे उठून दिसतात. तिथे नसला तर सीटच्या खालच्या नळीवर किंवा हँडलखाली पुढच्या नळीवर बघा. फोटो काढा, सायकलसोबत मुलाचाही एक काढा, आणि नवीन घेत असाल तर दुकानदाराकडून तो नंबर बिलावर लिहूनच घ्या.

बिल आणखी एका कारणासाठी हवं. १ जुलै २०२४पासून जो नवा कायदा आला, भारतीय न्याय संहिता, त्याच्या कलम ३०३मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण ५,००० रुपयांच्या आतला माल असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा आहे, आणि ५,०००च्या आतली अशी चोरी अदखलपात्र धरलीय, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिस तपास करत नाहीत. म्हणजे किंमत दाखवता आली नाही तर तुमची तक्रार एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, थांबू शकते. पोलिसांच्या साइटवर "हरवल्याची" जी ऑनलाइन नोंद होते ती चोरीची तक्रार नव्हे, ती करून घरी येऊ नका. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळाली पाहिजे, आणि ठाण्यात घेतच नसतील तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे पाठवायची सोय कायद्यातच आहे.

आमची सायकल अजून मिळालेली नाही. जूनमध्ये दुसरी घेतली, सेकंडहँड, बिल आणि नंबर बघूनच, कारण चोरीची आहे असं वाटायला जागा असताना घेतली तर तोही गुन्हाच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तीनदा बोलले तेव्हा कुठे पार्किंगच्या भिंतीलगत जीआय पाइपच्या उलट्या यू आकाराच्या आठ कड्या काँक्रीटमध्ये बसवल्या, फॅब्रिकेटरने दोन दिवसांत करून दिल्या. आठ कड्या, दोन्ही बाजूंनी एकेक, सोळा सायकली. खाली सध्या एकवीस लागतात, पाच अजून जिन्याखाली चाकाला केबल लावून उभ्या आहेत, पुढच्या मीटिंगला मी त्या पाचांसाठी बोलणार आहे.