अंतराळात धंदा काढताय? आधी हे वाचा

तर तुम्ही ठरवलंय. जमिनीवरचे धंदे करून झाले, आता वर जायचं. रॉकेट बनवणारे इंजिनियर मिळाले, पैसे लावणारेही मिळाले. अडलंय ते एकाच शंकेपाशी, की वर कायदा कोणाचा? ही शंका तुम्हाला आलीच कशी, याचं मला नवल वाटतं. या धंद्यात पुढे गेलेल्यांना ती फार उशिरा येते, आणि तोवर त्यांच्या उपग्रहांच्या पृथ्वीभोवती काही हजार प्रदक्षिणा झालेल्या असतात.

तरीही मन मोठं करून मूळ करार, म्हणजे देशादेशांतला अंतराळ करार, वाचून टाका. १९६७ चा आहे, कलमं अवघी १७. घरभाड्याचा करारनामासुद्धा कधी कधी याहून जाडजूड असतो. तो लिहिला गेला तेव्हा अंतराळातले खरे गडी दोनच, अमेरिका आणि सोव्हिएत संघ, आणि दोघांच्याही पोटात एकच गोळा: समोरचा चंद्रावर आधी उतरला आणि झेंड्याबरोबर कुंपणही घालून बसला तर? म्हणून दुसऱ्या कलमात ठरलं, की चंद्र असो वा आणखी कुठला गोल, दावा सांगून, वापर करून, वहिवाट दाखवून किंवा इतर कोणत्याही मार्गाने त्यावर राष्ट्राला मालकी मिळवता येणार नाही. आता हेच वाक्य धंदेवाईक डोळ्याने पुन्हा वाचा. 'राष्ट्राला'. तुमचं नाव त्यात कुठे आहे? बहुतेक कायदेपंडित म्हणतील, अहो, राष्ट्रालाच जे मिळत नाही ते त्याच्या नागरिकाला कुठून मिळणार? त्यांना नमस्कार करा आणि दुसरा वकील गाठा.

मुळात जमिनीच्या मागे लागणं हाच अडाणीपणा. जमीन नको म्हणा, खालून निघेल ते मागा. अमेरिकेने २०१५ साली तसा कायदाच केला: लघुग्रहावरून वगैरे आमच्या नागरिकाने जे खणून काढलं ते त्याचं, मात्र त्या गोलावर आमचा कसलाही सार्वभौम दावा नाही, असंही त्याच कायद्यात नम्रपणे नोंदवलं. २०१७ मध्ये लक्झेंबर्ग, मागोमाग संयुक्त अरब अमिराती आणि २०२१ मध्ये जपान याच रांगेत येऊन उभे राहिले. समर्थक समुद्राचा दाखला देतात. भरसमुद्र कोणाचाच नाही, पण जाळ्यात आलेला मासा कोळ्याचा. दाखला झकास आहे. फक्त मासे अंडी घालतात आणि चंद्राच्या ध्रुवावरचा बर्फ घालत नाही, हे कोणी मध्येच विचारू नये म्हणजे झालं.

(चंद्र हा मानवजातीचा सामाईक वारसा आहे, असं म्हणणारा १९७९ चा एक चंद्र करारही आहे. घाबरू नका. स्वतःच्या यानातून माणूस वर पाठवणाऱ्या एकाही देशाने तो स्वीकारलेला नाही. सौदी अरेबिया त्यात होता, तोही २०२४ मध्ये बाहेर पडला.)

भाव विचाराल तर तोही फुटलेला आहे. २०२० मध्ये नासाने चंद्रावरची माती विकत घेण्यासाठी काही कंपन्यांशी करार केले, त्यात लूनर आउटपोस्ट या कंपनीची बोली होती १ डॉलर. दहा टक्के आगाऊ द्यायचे ठरले होते, म्हणून कंपनीला १० सेंटचा चेक मिळाला. हसू नका. ती माती घरी आणायचीसुद्धा नव्हती, तिथल्या तिथेच नासाच्या नावावर करायची होती. एखादी वस्तू विकत घेता येते म्हणजे ती कोणाला तरी विकता येते, आणि विकता येते म्हणजे ती त्याच्या मालकीची आहे. एवढा पायंडा १० सेंटात पडत असेल तर याहून स्वस्तात पृथ्वीवर कायदा बनत नाही.

आता सहावं कलम, तुमच्या खऱ्या कामाचं. सोव्हिएत संघाचं म्हणणं होतं, अंतराळात सरकारांनीच जावं. अमेरिकेला कंपन्यांसाठी दार उघडं हवं होतं. तडजोड निघाली ती अशी: कंपन्यांनी खुशाल जावं, पण त्यांना परवानगी देणं, त्यांच्यावर सतत देखरेख ठेवणं आणि त्यांच्या कर्मांची जबाबदारी घेणं हे त्यांच्या त्यांच्या देशाकडे. म्हणजे तुमचं यान परक्या देशात कोसळलं तर तो देश तुमच्याकडे नव्हे, तुमच्या सरकारकडे येणार. ठरावीक रकमेपर्यंतचा विमा तेवढा उतरवून ठेवा. त्यावरचा भार सरकारने उचलण्याची सोय अमेरिकेच्या कायद्यात आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण याहून नेटक्या कायदेशीर भाषेत मांडलेली माझ्या पाहण्यात नाही.

देश मात्र पारखून घ्या. प्रशांत महासागरातल्या टोंगाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस भूस्थिर कक्षेतल्या (जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो) १६ जागांवर हक्क सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्याकडे स्वतःचा एकही उपग्रह नव्हता. २०२१ मध्ये रवांडाच्या नावाने उपग्रहांच्या कक्षा आणि लहरींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे तीन लाखांहून अधिक उपग्रहांसाठी अर्ज गेला. कागदाला गुरुत्वाकर्षण लागत नाही.

आणि परवानगी नाकारलीच तर? स्वार्म टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीचा धडा गिरवा. तिचे चार चिमुकले उपग्रह इतके लहान होते, की त्यांचा माग नीट काढता येणार नाही म्हणून अमेरिकेच्या संचार आयोगाने त्यांना नकार दिला. जानेवारी २०१८ मध्ये ते भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून वर गेले, परदेशातून, विनापरवाना. दंड झाला ९ लाख डॉलर. पुढच्याच वर्षी त्याच आयोगाने त्याच कंपनीला दीडशे उपग्रहांची परवानगी दिली, आणि २०२१ मध्ये स्पेसएक्सने ती विकत घेतली. दंडाला दंड म्हणू नये, प्रवेश शुल्क म्हणावं.

माणसं न्यायची असतील तर एक शब्द जिभेवरून पुसून टाका: प्रवासी. प्रवासी म्हटलं की त्याच्या सुरक्षिततेचे नियम येतात. अमेरिकी कायद्यात तो 'उड्डाणातील सहभागी' असतो, आणि या यानाला सरकारने सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेलं नाही, असं त्याला आधी लेखी कळवलं की झालं. धंदा नवा आहे, त्याला शिकू द्या, म्हणून २००४ मध्ये तिथे अशा नियमांना आठ वर्षांची स्थगिती मिळाली. मग मुदत वाढली, मग पुन्हा वाढली. आता ती १ जानेवारी २०२८ पर्यंत आहे. चोवीस वर्षं एकाच इयत्तेत बसूनही ज्याचं कौतुक थांबत नाही, असा विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही. सहभागी नेमका कुठे पोचला म्हणजे अंतराळात पोचला, हेही करारात लिहिलेलं नाही. कोणी १०० किलोमीटर म्हणतं, कोणी ८०. तुमचं यान जिथवर चढेल ती सीमा माना.

राहता राहिला कचरा. इथे भूगोल सांभाळा. १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवर नुकसान झालं तर दोष सिद्ध करावा लागत नाही, भरपाई थेट द्यावी लागते. वर कक्षेत मात्र दोष दाखवावा लागतो. २००९ मध्ये अमेरिकी कंपनीचा उपग्रह इरिडियम ३३ आणि बंद पडलेला रशियन उपग्रह कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले, हजारो तुकडे झाले, पण चूक कोणाची हे काही त्या तुकड्यांवर लिहिलेलं नव्हतं. तेव्हा धडकायचंच असेल तर वरच धडका. खाली पडणं अटळ असेल तर आपल्याच देशात पडा. आपल्याच नागरिकांच्या नुकसानीला हा करार लागू होत नाही. २०२४ मध्ये अंतराळ स्थानकाच्या टाकून दिलेल्या बॅटरी-फळीचा तुकडा फ्लोरिडातल्या एका घराचं छप्पर फोडून आत आला, तेव्हा त्या कुटुंबाला या कराराचा काही उपयोग नव्हता. परक्या देशात पडलातच तर घासाघीस करा. १९७८ मध्ये अणुभट्टीसकट कॅनडात कोसळलेल्या कॉसमॉस ९५४ या सोव्हिएत उपग्रहाच्या साफसफाईचे सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले गेले होते, सोव्हिएत संघाने १९८१ मध्ये ३० लाखांत मिटवलं.

त्याहून बरा मार्ग म्हणजे वाट पाहणं. १९७९ मध्ये नासाच्या स्कायलॅब या अंतराळ स्थानकाचे अवशेष पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स भागात पडले आणि तिथल्या स्थानिक प्रशासनाने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला. नासाने तो भरला नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने आपल्या श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो चुकता केला. तेव्हा बिल आलं की घाईने चेक फाडू नका. फायलीला लावून ठेवा, आणि जाहिरात खात्यात रेडिओवाला ओळखीचा आहे का तेवढं बघा.