टाळ्या कसल्या वाजवता हो!

दर रविवारी तेच. बडोद्याच्या दांडिया बाजारातून पहाटे पाचला निघायचं, कुडकुडत डभोईवरून वढवाण्याच्या तलावावर पोचायचं, पट्टकादंबांचा, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांचा थवा काठाला मस्त चरतोय, मी कॅमेरा धरून, कोपरं गुडघ्यावर टेकून श्वास रोखून बसलोय, आणि मागून कोणीतरी फाटकन टाळी वाजवतो. का, तर म्हणे फ्लाइट शॉट, उडत्या पक्ष्याचा फोटो पाहिजे! अरे, हिमालय ओलांडून आलेत ते बिचारे, दोन घास खाऊ दे की. २०२१ पासून रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ही, लग्नाचा हॉल नाही.

बरं, घाबरलेला पक्षी तुझ्याकडे पाठ करूनच पळणार ना? मग शंभर फोटोंत नुसत्या शेपट्या. पक्षी शक्यतो वाऱ्याच्या तोंडाला उडतो, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी घे, म्हणजे तो तुझ्याकडेच येईल; शटर १/२००० सेकंदाला ठेव, हलत्या पक्ष्याला धरून ठेवणारा कंटिन्युअस फोकस लाव आणि गप बस. एवढंच तर आहे. पण बसायचं म्हटलं की यांच्या जिवावर येतं.

परवा एकाच्या गळ्यात ६०० एमएमची लेन्स, माझ्या स्कूटरपेक्षा महाग असेल, आणि शटर १/२५०! पंखांचा नुसता धूर. वर मलाच विचारतो, "काका, कुठला कॅमेरा घेऊ म्हणजे शार्प येईल?" काय सांगणार, कप्पाळ? म्हटलं आधी त्या लाल जॅकेटची चेन तरी लाव, केवढी खळखळतेय. हसला. मी थर्मासमधून चहा ओततोय, तोवर पलीकडून परत टाळी.