लशीचे चार हजार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मांजराच्या लशींच्या खर्चावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गावच्या घरी मांजरांच्या कितीतरी पिढ्या पाहिल्या, एकीलाही सुई लागली नाही, फ्लॅटमधल्या मांजराला रोग येणार कुठून, एकच लस तीनदा टोचून डॉक्टर तीनदा पैसे घेतात, मोठ्या मांजराला दरवर्षी लस कशाला, आणि मी लोकांना घाबरवून त्यांचा धंदा वाढवते. शेवटचं वाक्य मला लागलं. पण बाकीचे प्रश्न रास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं आजोळ राजापूरजवळ. तिथे माळ्यावर दरवर्षी पिल्लं व्हायची. चार झाली तर पावसाळा संपेपर्यंत एखादंच उरायचं. बाकीच्यांबद्दल आजी 'गेली' एवढंच म्हणायची. कशाने गेली हे कुणी विचारत नसे, आम्ही पोरंही नाही. आज मला आठवतात ती अंगणात ऊन खात पडलेली दांडगी मांजरं, म्हणजे जी जगली ती. तुमच्याही घरी किती पिल्लं जन्मली आणि किती मोठी झाली, हे एकदा आईला विचारून बघा.

आता फ्लॅटचं. माझी चिंगी पार्किंगमध्ये सापडली होती, पण घरात आल्यावर तिने उंबरठा ओलांडला नाही. पहिला डोस वेळेवर झाला. दुसऱ्याच्या तारखेला ऑफिसचं काम निघालं, मग 'एक झालाय ना' म्हणत मी महिना घालवला. एका सकाळी ती पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेली दिसली. हनुवटी पाण्याला टेकली होती, पण जीभ काही बाहेर येईना. रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांना होणारा पार्वो विषाणूचा रोग. या विषाणूवर नेमकं औषध नाही. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन आणि वाट बघणं. चार दिवसांचे ११,४०० रुपये झाले आणि पाचव्या पहाटे ती गेली. हा विषाणू घराबाहेर वर्षभरसुद्धा टिकतो आणि चपलांना चिकटून आत येतो. घरात नेहमीचं फिनेल मारून तो मरत नाही, ब्लीच लागतं. हे सगळं मला ती गेल्यावर कळलं.

एकच लस तीनदा का, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिपिंडं मिळतात. तीच त्याला सुरुवातीला वाचवतात आणि तीच आपण दिलेली लसही निकामी करतात. ती कुणाच्या अंगातून आठव्या आठवड्यात उतरतात, कुणाच्या सोळाव्या. बाहेरून बघून सांगता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. त्यातला एखादा नक्की लागू पडावा, एवढ्यासाठी ही सगळी खटपट. चिंगीचा पहिला डोस बहुधा चिकानेच खाल्ला. मी दुसरा दिला असता तर, हा विचार अजून जात नाही.

पैशांचं सांगते. मी सध्या ट्रायकॅटला, म्हणजे पार्वोसकट मांजरांच्या तीन रोगांवरच्या एकत्र लशीला, ९००, रेबीजला ३५० आणि दर खेपेला तपासणीचे ३०० देते. तीन खेपांत तीन ट्रायकॅट आणि शेवटच्या खेपेला रेबीज धरली तर ३,९५० होतात. ट्रायकॅट महाग पडते, कारण ती परदेशातून येते, एका कुपीत एकच डोस असतो आणि ती २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. रेबीजची लस आपल्याकडे हैदराबादलाही बनते आणि दहा डोसांच्या कुपीतही मिळते, म्हणून स्वस्त. पुण्यात औंधचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे. तिथे चौकशी करा. २८ सप्टेंबरच्या, म्हणजे जागतिक रेबीज दिनाच्या आसपास अनेक ठिकाणी रेबीजची लस फुकट देतात. कुठेही टोचून घ्या, पण कुपीवरचं स्टिकर आपल्यासमोर कार्डावर लावून घ्या.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आणि माझं चूक होतं. 'दोन्ही लशी दरवर्षी' असं मी सरसकट लिहिलं होतं. पिल्लूपणीचे डोस पूर्ण झाले आणि पुढे वर्षभरात बूस्टर झाला, की घरातच राहणाऱ्या मोठ्या मांजराला ट्रायकॅट तीन वर्षांनी दिली तरी चालते. लहान पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जागतिक संघटना आहे, WSAVA, तिचा सल्लाही असाच आहे. बाहेर फिरणाऱ्या किंवा बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या मांजराचं वेगळं. ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. मूळ लेखात मी आज दुरुस्ती केली आहे. रेबीजच्या तारखेत मात्र चालढकल नको. तो मांजरातून माणसाला होतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

जाता जाता तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडेही आता तीन महिन्यांचं पिल्लू आहे आणि नात त्याला घेऊनच झोपते. मग ऐका: आधी जंताचं औषध द्या. पिल्लू ठणठणीत असेल तर याच आठवड्यात ट्रायकॅट आणि रेबीज, आणि चार आठवड्यांनी दुसरी ट्रायकॅट. तोवर ते सोळा आठवड्यांचं झालेलं असेल, त्यामुळे तुमचं दोनच खेपांत भागेल. माझ्या दराने २,७५० होतात, रेबीज सरकारी दवाखान्यात मिळाली तर आणखी कमी. दुसऱ्या डोसची तारीख नातीलाच कॅलेंडरवर लिहायला सांगा.